चामड्याचे म्यान शिवताना या चुका टाळा

घरी शिवलेल्या म्यानातला दोष दिसतो शेवटी, पण घडलेला असतो बहुधा सुरुवातीलाच. सुरी आत जात नाही, टोक बाहेर डोकावते किंवा महिन्याभरात पात्यावर गंजाचे ठिपके उमटतात, तेव्हा नवशिका माणूस टाक्यांना आणि दोऱ्याला बोल लावतो. प्रत्यक्षात चूक चामडे निवडताना, कागदावर आकार काढताना किंवा कामांचा क्रम ठरवताना झालेली असते.

चामड्यापासून सुरुवात करू. पिशव्या आणि जाकिटांसाठी मिळणारे मऊ, लवचिक चामडे बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते ओले करून दिलेला आकार धरत नाही, त्याची कड घासून चकाकत नाही आणि त्यात उरलेले क्षार ओलाव्याबरोबर पात्याला त्रास देऊ शकतात. म्यानासाठी झाडांच्या सालींनी, म्हणजे वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले कडक चामडेच घ्यावे. ताज्या कापलेल्या कडेकडे पाहिले की फरक बऱ्याचदा कळतो: क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात निळसर करडी छटा असते, तर वनस्पतिजन्य चामडे आतपर्यंत फिकट तपकिरी असते. कंबरेला लावायच्या सुरीसाठी 3 ते 3.5 मिलिमीटर जाडी योग्य ठरते, लहान सुरीला 2 ते 2.5 मिलिमीटर पुरते. जाडी औंसात सांगितली असेल, तर एक औंस म्हणजे सुमारे 0.4 मिलिमीटर असा हिशेब करावा. जनावराच्या पोटाकडचा भाग स्वस्त मिळतो, पण तो ताणला जातो आणि म्यान काही दिवसांत सैल पडते. पाठीकडचा भाग घट्ट असतो.

आकार काढताना सर्वांत जास्त फसगत होते ती जाडी विसरल्यामुळे. सुरी कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली, थोडी जागा सोडली आणि चामडे कापले, असे केले की म्यान हमखास अरुंद होते, कारण पात्याच्या पाठीची जाडी आणि दुमडलेल्या चामड्याची वळण घ्यायची जागा त्या रेषेत कुठेच धरलेली नसते. जाड कागद प्रत्यक्ष सुरीभोवती दुमडावा, धारेच्या बाजूने चिमटे लावावेत आणि सुरी आतबाहेर करून पाहावी. दुसरी चूक अधिक चिडवणारी आहे: नमुना चामड्याच्या खरबरीत बाजूवर तसाच ठेवून कापला, तर उजव्या हाताच्या माणसासाठी डाव्या हाताचे म्यान तयार होते. कागदावर ‘बाहेरची बाजू’ असे ठळक लिहिण्याला काही सेकंद लागतात.

आता मधल्या पट्टीविषयी, जिला वेल्ट म्हणतात. दुमडलेल्या म्यानाच्या धारेकडच्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये, चामड्याची एक अरुंद पट्टी चिकटवतात. ती वगळण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिच्यामुळे कड जाड दिसते आणि आरी (चामड्याला भोके पाडायचे टोकदार अवजार) घालायला जोर लागतो. पण ती नसेल तर सुरी आत सरकताना प्रत्येक वेळी धार थेट दोऱ्यावर घासते. एके दिवशी दोरा तुटतो, टाके उसवतात आणि धार माणसाच्या बाजूने बाहेर येते. म्हणून ही पट्टी मला टाक्यांच्या सुबकपणापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. तिची जाडी पात्याच्या पाठीच्या जाडीइतकी असावी, टाक्यांची रेषा बाहेरच्या कडेपासून 3 ते 4 मिलिमीटर आत असावी आणि पट्टी त्या रेषेच्या आतही काही मिलिमीटर पसरलेली असावी. टोकाकडे, जिथे सुरी सर्वांत जोरात आदळते, ती रुंद ठेवावी.

क्रम चुकला की काम अडते. कंबरपट्ट्याचा लूप म्यान दुमडण्यापूर्वीच शिवून घ्यावा, नंतर आत हात पोहोचत नाही. रंगही शिवण्यापूर्वी द्यावा. गुळगुळीत बाजूवर काही चिकटवायचे असेल तर ती आधी खरवडावी, नाहीतर गोंद धरत नाही. कॉन्टॅक्ट सिमेंट नावाचा गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावून बोटाला जेमतेम चिकटेपर्यंत थांबावे आणि मगच दाबावे.

टाके पुढून सरळ आणि मागून वाकडे दिसत असतील, तर बहुतेक वेळा दोष आरी धरण्याच्या कोनाचा असतो. तीन थरांतून जाताना आरी थोडीशीही कलली की मागची रेषा भरकटते. वरच्या थरावर भोके आखून घ्यावीत, सगळे थर चिकटवावेत आणि मग आरी काटकोनात घालावी. काही जण बारीक ड्रिल वापरतात. ते चालते, पण गोल भोक तसेच उघडे राहते, तर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या आरीची फट दोऱ्याभोवती मिटते. दोन सुयांच्या टाक्यात, म्हणजे एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुया घालताना, कोणती सुई आधी जाणार हे शेवटपर्यंत बदलू नये, नाहीतर टाक्यांचा तिरकेपणा मध्येच पालटतो. दोरा शिवणीच्या किमान चौपट घ्यावा आणि वर हाताभर सुटा ठेवावा. चामडे टाक्यांवर चुरगळत असेल तर आपण जास्त ओढत आहोत, 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीच्या मेणाच्या दोऱ्याला साधारण 4 मिलिमीटरचे अंतर ठीक बसते.

शिवून झालेले म्यान ओले करून सुरीवर बसवणे हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग, आणि चुकांचाही. पाणी नेहमीच्या तापमानाचे असावे. गरम पाण्याने चामडे आक्रसते आणि ठिसूळ होते. ओव्हन, हेअर ड्रायर आणि कडक उन्हाचेही तेच. सुरी प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळावी आणि चामडे बोटांच्या पेरांनी किंवा गुळगुळीत लाकडाने दाबावे. नख मात्र लागू देऊ नये, कारण ओल्या चामड्यावर उमटलेली चंद्रकोर वाळल्यावर कायमची राहते. सावलीत निदान दिवसभर वाळवावे. वाळल्यावर म्यान सैल वाटले तर ते पुन्हा ओले करून दाबता येते. फार घट्ट झाले तर जोर न लावता किंचित ओलसर करावे आणि फिल्मचे आणखी काही वेढे दिलेली सुरी आत ठेवून वाळू द्यावे.

याच टप्प्यावर काळेनिळे डाग उमटतात आणि लोक त्यांना बुरशी समजतात. बहुतेकदा ते लोखंडाचे असतात: ओल्या चामड्यातले टॅनिन आणि लोखंडाचा सूक्ष्म कण एकत्र आले की काळा रंग तयार होतो. त्यामुळे घासलेल्या पात्याचा कीस, लोखंडी क्लॅम्प आणि स्टीलची लोकर ओल्या चामड्यापासून दूर ठेवावी. ताजा डाग पाण्यात मिसळलेल्या लिंबाच्या रसाने फिका होतो; नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे. (स्टीलची लोकर व्हिनेगरमध्ये विरघळवून हीच क्रिया काळा रंग देण्यासाठी मुद्दाम वापरली जाते.)

कडेबाबत थोडक्यात: थर एकसारखे कापून 220, मग 400 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे, कोपरे गोल करावेत आणि किंचित ओलसर कडेवर लाकूड जोराने फिरवावे. कड चिंब असेल तर ती चकाकण्याऐवजी फुगून दोन्ही बाजूंना पसरते. तेलाचा हात पातळच असावा. जास्त तेलाने कडक म्यान मऊ पडते आणि सुरीची पकड जाते.

अवजारे स्वतः बनवणाऱ्यांनी ग्राइंडरपाशी घाई करू नये. जुन्या स्टीलच्या सळईपासून आरी घडवताना टोक तापून निळे झाले, म्हणजे साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की तिथला पोलादाचा टणकपणा उतरतो आणि आरी वाकू लागते. टोक वारंवार पाण्यात बुडवावे आणि निळा भाग पूर्ण घासून टाकावा. आरी चामड्यात अडकत असेल तर ती बोथट आहे असे लगेच समजू नये; तिच्या कडा चकाकेपर्यंत घासलेल्या नसतात. त्यासाठी सपाट फळीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा आणि क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट पुरते. सुरीही त्यावर घासता येते, पण पाठ पुढे ठेवून ओढावी आणि शेवटी मनगट उचलू नये, नाहीतर धार गोल होते.

तयार म्यानात सुरी कायमची ठेवून देऊ नये. चामडे हवेतला ओलावा धरते, त्यातली आम्ले कार्बन स्टीलवर काम करत राहतात आणि पितळी बटनांवर हिरवा थर चढतो. सुरी कोरडी पुसून, तेलाचे बोट फिरवून, म्यानाबाहेरच ठेवावी.