पुणे–न्यू जर्सी: दादाच्या नॅसवरचं फोल्डर उघडायलाच जीव जात होता, शेवटी सुटलं

आमच्या पुण्याच्या घरी एक नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला फाईली साठवायचा डबा), न्यू जर्सीत दादाकडे दुसरा, मधे टेलस्केल (दोन घरांची नेटवर्कं खाजगीरीत्या जोडणारं व्हीपीएन). दोन्हीकडे 100 एमबीपीएस, तरी फोटोंचं फोल्डर उघडलं की हिरवी पट्टी नुसती सरकत राहायची. राउटर बदलला, प्लॅन वाढवला, एमटीयू (नेटवर्क पॅकेटचा कमाल आकार) कमी केला, काही फरक नाही, डोकं उठलं होतं नुसतं.

घोळ स्पीडचा नव्हताच, पिंग (सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) 240 मिलिसेकंद. एसएमबी (नेटवर्कवरचं फोल्डर उघडायची पद्धत) प्रत्येक फाईलसाठी विचारपूस करत बसतं, फाईलमागे 3 फेऱ्या धरल्या तरी 2000 फोटोंना 24 मिनिटं!

मग लांबून माउंट करणंच (तिकडचं फोल्डर इकडे जोडून उघडणं) बंद केलं. आधी सगळा डेटा एका डिस्कवर घेऊन वहिनीच्या बॅगेतून तिकडे पाठवला (चकलीच्या डब्याशेजारी) आणि दादाच्या नॅसवर कॉपी केला, फक्त फाईलच्या तारखा बदलू द्यायच्या नाहीत. नंतर दोन्ही नॅसवर सिंकथिंग (दोन मशीनवरची फोल्डरं एकसारखी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकून एकमेकांचे डिव्हाइस आयडी जोडले, अॅड्रेसमधे डायनॅमिक (पत्ता आपोआप शोधणं) काढून टेलस्केलचा आयपी आणि पोर्ट 22000 दिला, नाहीतर ते रिलेवरून (मधल्या तिसऱ्याच सर्व्हरवरून) रांगत जाऊ शकतं. मग फोल्डर शेअर केलं, आयडी दोन्हीकडे एकच, आमच्याकडे सेंड ओन्ली (फक्त पाठवायचं), तिकडे रिसीव्ह ओन्ली (फक्त घ्यायचं) आणि तिकडेच ट्रॅश कॅन व्हर्जनिंग (डिलीट झालेली फाईल बाजूला जपून ठेवणं), कारण आई इकडे फोटो डिलीट करते. दादाचे फोटो यायला उलट दिशेचं वेगळं फोल्डर.

पहिलं स्कॅन रात्रभर चाललं, सकाळी फक्त नवीन फाईली गेल्या. आता दोघंही आपापल्या घरातलीच कॉपी उघडतो.