रोजनिशीतली कथा मध्येच थंडावते तेव्हा

हर्णै बंदरातल्या तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याच्या, मुलीची रोजनिशी, अशी माझी कादंबरी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, नोंदीही थंड. वाचणारे नेमके तिथेच गळायचे. उपाय सापडला तो तारखांत. रोजची नोंद बंद केली.

‘5 जुलै. बाबा जाळं सांधतायत. सावकार येऊन गेला.’

पुढची नोंद थेट 11 जुलैची: ‘जाळं विकलं.’

मधल्या दिवसांत काय घडलं ते वाचक स्वतः जुळवतो, त्यासाठीच पान उलटतो. शिवाय तिला उद्याचं काही ठाऊक नसतं, हे कटाक्षाने पाळलं. ‘नंतर कळलं’ छापाची वाक्यं सगळी काढली. आईबद्दल तर ती अवाक्षर लिहीत नाही. नवा खर्डा वाचून मैत्रिणीने पहिल्यांदा विचारलं, ते आईबद्दलच.