विंडोज ११ टाकायचं का? आधी कॉम्प्युटरच्या मागे बघा

पुण्यात नारायण पेठ, सदाशिव पेठ भागातल्या डीटीपीवाल्यांचे आणि छोट्या छापखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. विंडोज १० चा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन दिवाळी अंकांच्या धांदलीत. तेव्हापासून जो तो विचारतो, "ताई, अकरा टाकू का?" मी उलटा प्रश्न टाकते: तुमच्या मशीनला जोडलेली सगळ्यात जुनी वस्तू कोणती?

लोक लगेच प्रोसेसर नि रॅम सांगायला लागतात. ते नंतर. आधी सीपीयू भिंतीपासून पुढे ओढा आणि मागे बघा. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते सॉफ्टवेअर उघडायला लागणारी यूएसबी चावी), कुणी पेनड्राइव्ह समजून उपटू नये म्हणून वर सेलोटेप मारलेलं. धुळीने पांढरा पडलेला लेझर प्रिंटर. डिजिटल सिग्नेचरचं टोकन. एखादा जुना स्कॅनर. अडतं ते इथेच, कारण यातल्या प्रत्येकाला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो आणि तो विंडोज ११ वर चालेलच असं नाही. प्रत्येक वस्तूचं मॉडेल कागदावर लिहा, कंपनीच्या साइटवर अकरासाठीचा ड्रायव्हर आहे का बघा आणि तो आधीच उतरवून ठेवा. डोंगलवाल्यांना मात्र सरळ फोन करा. साइटवर सगळं लिहिलेलं असतंच असं नाही.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. 'सिस्टिम टाइप'पुढे ३२ बिट दिसलं तर आहे त्यावरच अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. ३२ बिटचे ड्रायव्हर तिथे चालत नाहीत. ३२ बिटचे प्रोग्रॅम बहुधा चालतात, पण काही जुन्या सीडींवरचा इन्स्टॉलरच १६ बिटचा असतो आणि तो उघडतसुद्धा नाही.

६४ बिटवाल्यांसाठी माझी आवडती चाचणी. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन. तिथली मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे असुरक्षित ड्रायव्हर अडवणारी सोय, चालू करून बघा. अडचणीचे ड्रायव्हर असले तर विंडोज तिथेच त्यांची यादी दाखवतं. यादी आली नाही आणि रीस्टार्टनंतर डोंगल, प्रिंटर नीट चालले, तर निम्मी काळजी मिटली. नंतर ती पुन्हा बंद करता येते.

आता मशीनचं. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं फुकट अॅप चालवा. इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम (कामाला ८ तरी हवीच), ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) एवढं लागतं. अॅप 'टीपीएम नाही' म्हणालं की लगेच नवीन मशीन बघायला धावू नका. पुष्कळदा ते बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा. प्रोसेसरच जुना असेल तर यूट्यूबवर पळवाटा आहेत, पण तशा मशीनला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची बिलं आहेत तिथे मी ते करत नाही.

मशीन किंवा डोंगल, दोन्हीपैकी एक जरी अडलं तर दहावरच राहा, पण उघड्यावर नाही. सपोर्ट संपल्यावरही सुरक्षेचे पॅच देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' योजनेत नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत आणि सुरक्षेचे पॅच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढ्यात डोंगलचं काय करायचं ते ठरवा.

टाकायचं ठरलं तर जुलै ते दिवाळी हा काळ सोडून. आणि एरवीही शनिवारी संध्याकाळी, म्हणजे हाताशी रविवार असतो. आधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि सोबत फॉन्टचा पूर्ण फोल्डर. हा फोल्डर हमखास विसरला जातो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात, आणि तो फॉन्ट पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात.

अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज दहा दिवस मशीनमध्येच असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीतल्या 'गो बॅक'ने परत जाता येतं. तोवर जागा करायची म्हणून डिस्क क्लीनअप चालवू नका, त्यात जुनं विंडोज उडू शकतं. त्या दहा दिवसांत खरं काम करून बघा. गेल्या अंकाची सगळ्यात जड फाइल उघडा, 'दुसऱ्या', 'उद्ध्वस्त', 'शृंगार' असे अवघड अक्षरांचे शब्द असलेलं पान निवडा आणि त्याचा प्रिंट काढा. स्क्रीनवर बघून समाधान मानू नका, कागदच हातात घ्या.