डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता

फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे ठरले की हॉटेल आणि तिकिटे आरक्षित करतानाच जेवणाचे पैसे आगाऊ भरून ठेवायचे का, हा प्रश्न समोर येतो. एक कटकट मिटली या समाधानात अनेक कुटुंबे त्याला होकार देऊन टाकतात. भारतातून आलेल्या आजी-आजोबांसह निघालेल्या मराठी कुटुंबासाठी हा होकार बराच महाग ठरू शकतो, म्हणून आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे असे मी आग्रहाने सांगेन. डिस्नेची पत्रके उपाहारगृहांची नावे आणि छायाचित्रे दाखवतात. आपला हिशेब मात्र आपल्या घरचा प्रत्येक माणूस दिवसभरात खरोखर काय खातो-पितो, यावरूनच मांडावा लागतो.

कोविडच्या काळात 2020 मध्ये बंद झालेली ही योजना 9 जानेवारी 2024 पासून दोन प्रकारांत पुन्हा सुरू झाली. ती घेण्यासाठी डिस्नेच्याच हॉटेलात मुक्काम असलेले पॅकेज लागते. ‘क्विक सर्व्हिस’ योजनेत प्रत्येक रात्रीमागे काउंटरवरून घ्यायची दोन जेवणे आणि एक अल्पोपाहार मिळतो. मोठ्या, म्हणजे नुसत्या ‘डायनिंग प्लॅन’ या नावाच्या योजनेत एक काउंटरचे जेवण, एक टेबलावर बसून घ्यायचे जेवण आणि एक अल्पोपाहार मिळतो. दोन्हींत प्रत्येकाला एक मग मिळतो. त्यात हॉटेलमध्ये चहा, कॉफी किंवा शीतपेय कितीही वेळा भरून घेता येते, पण उद्यानांमध्ये तो भरून मिळत नाही. 2024 मध्ये दर रात्रीचा दर प्रौढांसाठी अनुक्रमे 57.01 आणि 94.28 डॉलर होता, तर 3 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी 23.83 आणि 29.69 डॉलर. पुढे दर वाढले आहेत, तेव्हा आपल्या तारखांचा दर पाहून पुढचे आकडे बदलून घ्यावेत. हिशेबाची रीत तीच राहते.

वयाची अट नीट वाचावी. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल येथे प्रौढ धरले जाते, म्हणजे अर्धी प्लेट पास्ता खाऊन उठणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीचेही पूर्ण पैसे भरावे लागतात. तीन वर्षांखालील बाळाला योजना लागत नाही.

आता हिशेब. काउंटरवर शाकाहारी जेवण 15 डॉलरचे आणि शीतपेय 5 डॉलरचे धरले, तर दोन जेवणांचे 40 आणि अल्पोपाहाराचे 7 मिळून 47 डॉलर होतात. त्यावर तेथील साडेसहा टक्के विक्रीकर लावला की रक्कम 50 डॉलरपर्यंत जाते. मगची किंमत 22 डॉलर धरून ती करासह पाच रात्रींवर वाटली, तर रोजचे पावणेपाच डॉलर वाढतात. एकूण झाले सुमारे 55, आणि भरले 57. म्हणजे सर्व काही घेऊनही दोन डॉलर तोटाच. जेवणाबरोबरच्या पेयात एकवीस वर्षांवरील व्यक्तीला बिअर किंवा वाइनही घेता येते, आणि ती घेणाऱ्याचे गणित सहज फायद्यात जाते. आपल्या आजी-आजोबांचे काय होते ते पाहा: ते बर्फ घातलेले शीतपेय घेत नाहीत, पाणी पितात, आणि काउंटरवर मागितले तर पाण्याचा पेला फुकट मिळतो. पेये आणि मग वगळले तर त्यांचा खरा खर्च रोज साडेएकोणचाळीस डॉलरच्या आतच राहतो. दोघांचे पाच रात्रींत पावणेदोनशे डॉलर वाया जातात, आणि तेही दोघांनी दोन्ही वेळा भरपेट जेवण केले असे धरून.

मोठ्या योजनेचा कसही असाच लावता येतो. तिच्या 94.28 डॉलरमधून काउंटरचे जेवण, अल्पोपाहार आणि मग यांची करासह किंमत वजा केली, तर टेबलावरच्या जेवणासाठी सुमारे 61 डॉलर उरतात. म्हणजे मेनूवर कर धरण्यापूर्वी ज्या जेवणाची किंमत 57 डॉलर होईल, तेच जेवण बरोबरीला येते. योजनेत मुख्य पदार्थ, पेय आणि गोड पदार्थ मिळतो. सुरुवातीचा पदार्थ मिळत नाही. शाकाहारी मुख्य पदार्थ 28 डॉलरचा, गोड 11 चा आणि पेय 5 चे धरले तरी बेरीज 44 च्या पुढे जात नाही. स्टेक किंवा मासे मागवणारा माणूस या रेषेच्या वर जातो, वरण-भातावर वाढलेला माणूस सहसा जात नाही.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि मुलांसाठी तोच सर्वांत आनंदाचा आहे. मिकी, डोनाल्ड वगैरे मंडळी टेबलापाशी येऊन भेटतात अशी बुफे आणि एकत्रित थाळीची जेवणे महाग असतात, पण त्यांतील बऱ्याच ठिकाणी एकच क्रेडिट, म्हणजे योजनेतील टेबलावरच्या एका जेवणाचा हक्क, लागते. कंटेम्पररी हॉटेलातील शेफ मिकीज आणि अॅनिमल किंगडम उद्यानातील टस्कर हाउस ही त्यांची ओळखीची उदाहरणे आहेत. सिंड्रेलाच्या किल्ल्यातील रॉयल टेबलला मात्र एका जेवणासाठी दोन क्रेडिट जातात, आणि पाच रात्रींच्या पाचांपैकी दोन एका बैठकीत संपवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. किल्ल्यातच जेवायचे असेल तर ते पैसे वेगळे द्यावेत.

आठ वर्षांच्या मुलाची योजना जवळजवळ नेहमीच फायद्याची असते, कारण असे एकच बुफे तिची रोजची रक्कम वसूल करून देते. शिवाय प्रौढांनी योजना घेतल्यास 2026 च्या मुक्कामांसाठी 3 ते 9 वर्षांच्या मुलांची योजना डिस्नेने मोफत ठेवली आहे. अडचण अशी, की ती एकट्या मुलासाठी घेता येत नाही. एका आरक्षणातील तीन वर्षांवरील सर्वांना, सर्व रात्रींसाठी, एकच योजना घ्यावी लागते.

या अटीतून वाट निघते ती खोल्यांच्या वाटणीतून. आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा अशा सहा माणसांना साधारण खोलीत राहता येत नसल्यामुळे दोन खोल्या घ्याव्याच लागतात. तेव्हा आई-वडील आणि मुले एका आरक्षणात, आजी-आजोबा दुसऱ्या आरक्षणात ठेवावेत. पहिल्या खोलीसाठी योजना घ्यावी आणि दुसऱ्या खोलीने जे खाल्ले त्याचेच पैसे द्यावेत.

योजनेच्या दरात कर धरलेला असतो, पण टेबलावर वाढणाऱ्याची टिप धरलेली नसते. ती बिलाच्या मूळ रकमेवर 18 ते 20 टक्के द्यावी लागते, आणि सहा किंवा अधिक जणांच्या बिलावर 18 टक्के आपोआप लागते. साठ डॉलरच्या बुफेमागे माणशी अकरा डॉलर बाजूला ठेवावेत. ‘जेवण तर भरलेलेच आहे’ म्हणून टिप टाळणे त्या वाढणाऱ्या माणसावर अन्याय करणारे आहे, कारण त्याची कमाई मोठ्या प्रमाणात तिच्यावरच चालते.

योजना घेतली म्हणजे टेबल मिळालेच असे नाही. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या 60 दिवस आधीपासून आरक्षण करता येते, आणि मिकीसारखी बुफे झपाट्याने भरतात. म्हणून साठावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

शाकाहाराबद्दल थोडे सविस्तर. मेनूवरील हिरव्या पानाचे चिन्ह मांस, दूध, अंडी आणि मध नसलेल्या पदार्थासाठी असते, त्यामुळे आपल्या शाकाहाराला ते पुरून उरते. चिन्ह नसलेल्या पदार्थाबद्दल मात्र रसा कोणत्या स्टॉकचा, म्हणजे मांस उकळलेल्या पाण्याचा की भाज्यांच्या, आहे हे विचारावेच. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास आरक्षणातच तशी नोंद करून टेबलापाशी पुन्हा आठवण द्यावी. अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातील साना या उपाहारगृहात नान आणि अनेक चटण्यांचा प्रकार मिळतो, आणि सतत बर्गर पाहून कंटाळलेल्या वडीलधाऱ्यांना तिथे बरे वाटते.

उद्यानांमध्ये घरचे खाणे नेण्यास परवानगी आहे. काचेची भांडी आणि मद्य नेता येत नाही. दुपारी दशमी-चटणी खाणारे आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी योजना न घेण्याचे हेच सर्वांत बळकट कारण ठरते. भारतातून खाद्यपदार्थ आणताना ते अमेरिकेच्या कस्टम्सकडे जाहीर करावेत. मांसाचे पदार्थ टाळावेत, आणि कच्चा तांदूळ तर आणूच नये, कारण खाप्रा किडीच्या भीतीने भारतातून प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या तांदळावर तेथे बंदी आहे. तांदूळ ऑरलँडोतच विकत मिळतो, पण तो शिजवायला स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी लागेल.

क्रेडिट रात्रींच्या संख्येने मिळतात आणि ती हवी त्या दिवशी वापरता येतात. मात्र खोली सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सर्व रद्द होतात. पाच रात्रींच्या मुक्कामाला सहा दिवस असतात, म्हणून एका दिवसाचे जेवण खिशातून करावे लागेल हे धरून चालावे. शेवटच्या सकाळी अल्पोपाहाराची क्रेडिट उरली असतील तर त्यांची पाकीटबंद बिस्किटे किंवा गोळ्या घ्याव्यात. परतीच्या विमानात मुलांना त्या उपयोगी पडतात.