भंगारातला स्पीकर: आधी बोट, मग मीटर

गाडीच्या भंगारातले स्पीकर आणून बूम बॉक्स, म्हणजे उचलून नेता येणारा गाण्यांचा खोका बनवायचा विचार असेल, तर मॅग्नेटवर छापलेला वॅटचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. 'मॅक्स २५० वॅट' हे स्टिकर माल खपावा म्हणून असतं. वाचायचाच असेल तर आरएमएसचा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो त्या ताकदीचा आकडा वाचा, आणि तो छापलेलाच नसेल तर काय समजायचं ते समजा. गोव्यात जुना स्पीकर कामाचा राहिला की गेला, हे बहुतेक वेळा दमट हवा आणि तो गाडीत कुठे बसवला होता यावरच ठरतं.

मी फोंड्यात गाड्यांना स्टिरिओ बसवण्याचं काम करतो. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मुलं आमच्याकडे येतात. ओहमचा नियम त्यांना तोंडपाठ असतो, पण हातात स्पीकर दिला की कोनाला, म्हणजे समोरच्या शंकूसारख्या पडद्याला धरून उचलतात. हे लिहिणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. निव्वळ हौस म्हणून करणाऱ्यांनाही चालेल.

म्हापसा, फोंडा, मडगाव अशा शहरांच्या वेशीवर जुन्या गाड्यांचे भंगारअड्डे असतात. तिथे पोचलात की आधी गाडी बघा, स्पीकर नंतर. काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, आणि दाराच्या तळाला असलेल्या भोकांतून बाहेर जातं. ती भोकं मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि स्पीकरची पाठ महिनोन् महिने ओलीत राहते. दाराच्या आत चिखलाची आडवी रेघ दिसली तर ती गाडी पुरात उभी होती असं धरा आणि पुढे चला. २०२१ च्या जुलैमध्ये सत्तरी, डिचोली, फोंडा भागात पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्या गाळाचे बारीक कण कॉइलच्या, म्हणजे कोनामागच्या तारेच्या गुंडाळीच्या फटीत एकदा शिरले की निघत नाहीत. मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊ इंची अंडाकृती स्पीकर असतात. ते कोरडे राहतात, पण उन्हात भाजून निघतात. माझी पसंती त्यातल्या त्यात बंद गॅरेजमध्ये राहिलेल्या गाडीच्या मागच्या दारातल्या स्पीकरला. मागे कोणी फारसं बसत नाही, त्यामुळे ते वाजलेलेही कमी असतात.

आता कोनाची कड. कोन आणि लोखंडी फ्रेम यांना जोडणारी ही रिंग रबराची, कापडाची किंवा फोमची असते. रबर असेल तर दाबून बघा, भेग नसेल तर पास. फोमवर नुसतं बोट फिरवा. काळा चिकट चुरा लागला, किंवा कड पापडासारखी मोडली, तर स्पीकर खाली ठेवा. नवी रिंग चिकटवून तो पुन्हा उभा करता येतो, पण कोन नेमका मध्यावर बसवणं हे नवख्याचं काम नाही. कंपनीतून गाडीसोबत आलेले हलके, साध्या कागदी कोनाचे स्पीकर बघून पुष्कळ जण नाक मुरडतात. मी ते आधी उचलतो. चकचकीत जाळीच्या स्वस्त स्पीकरपेक्षा त्यांच्यातला माणसाचा आवाज कितीतरी स्वच्छ असतो.

कड ठीक असेल तर मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर अंगठे ठेवा आणि कोन हलकेच आत दाबा. आवाज येता कामा नये. खर्र असं ऐकू आलं तर कॉइल मॅग्नेटला घासते आहे, किंवा फटीत गंज धरला आहे. एकाच बाजूने दाबलंत तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून अंगठे दोन. ही परीक्षा गोंगाटात करू नका. अड्ड्यावर कटर चालू असेल तर तो थांबेपर्यंत थांबा.

मग मीटर, म्हणजे मल्टिमीटर काढा. गाडीचे स्पीकर बहुतेक चार ओहमचे असतात आणि मीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवतात. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, कारण इतक्या लहान मापात पिनांच्या वायरचाही फरक पडतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे, एक-दीड दाखवलं तर आत शॉर्ट आहे. इथे एक गोम आहे. मधोमध छोटा ट्वीटर (वरचे बारीक सूर वाजवणारा स्पीकर) बसवलेल्या कोॲक्सियल स्पीकरमध्ये मीटर फक्त मोठ्या कोनाची कॉइल मोजतो. मीटर डीसीने मोजतो, आणि ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यातून डीसी जात नाही. म्हणजे आकडा उत्तम आणि ट्वीटर मेलेला, असं होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे वाजवूनच बघणं. पीएएम८४०३ नावाचं पाच व्होल्टवर चालणारं छोटं ॲम्प्लिफायर बोर्ड खिशात मावतं. पॉवर बँकेवर ते चालवा, मोबाईलवरून गाणं लावा आणि कान ट्वीटरजवळ न्या. ट्वीटर मुका असेल तर अनेकदा तो कपॅसिटरच सुकलेला असतो. त्याच मापाचा, प्लस-मायनस नसलेला नवा टाकला की काम होतं. कपॅसिटर वगळून थेट जोडणी करू नका, ट्वीटर जळेल.

स्पीकर स्वतः काढायचा असेल तर गाडीची बॅटरी सुटलेली आहे ना, ते पाहा. पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. दाराचं पॅनेल ओढण्याआधी हँडलच्या मागचे, टोपीखाली लपलेले स्क्रू शोधा, नाहीतर क्लिपा तुटतात आणि अड्डेवाल्याशी वाद होतो. स्पीकर रिवेटने ठोकलेला असेल तर ड्रिल मारावं लागतं. लोखंडाचा कीस मॅग्नेटकडे धावतो, म्हणून आधी कोनावर आणि पाठीमागच्या फटींवर मास्किंग टेप लावा. प्लगमागची वीतभर वायर ठेवून कापा. स्पीकरच्या पाठीवरची रुंद पत्ती प्लस आणि अरुंद मायनस असा रिवाज आहे, तरी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून खात्री करा. कोन बाहेर उसळला तर सेलचा प्लस जिथे टेकला ती पत्ती प्लस. दोन स्पीकरपैकी एक जरी उलटा जोडला तरी बास गायब होतो.

आता खोका. लोक सगळे पैसे ॲम्प्लिफायरवर घालतात आणि स्पीकर बसवतात पुठ्ठ्यासारख्या पातळ पेटीत. कोन पुढे सरकतो तेव्हा मागची हवा उलट हलते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की खालचे सूर तिथेच मरतात. त्यांना वेगळं ठेवण्याचं काम गाडीचं दार कसंबसं निभावतं. गाडीचे स्पीकर दाराच्या ऐसपैस पोकळीसाठी बनवलेले असतात, त्यामुळे त्यांना अगदी चिमुकला खोका मानवत नाही. साडेसहा इंची जोडीला प्रत्येकी दहा लिटरच्या आसपास जागा द्या. आतून २५ सेंटिमीटर लांब, २५ उंच आणि १६ खोल म्हणजे बरोबर दहा लिटर. असे दोन कप्पे शेजारी, मध्ये फळी, आणि बोर्ड-बॅटरीला तिसरा वेगळा कप्पा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, आमच्या पावसाळ्यात फुगतो, बारा मिलिमीटरचं मरीन प्लाय घ्या. सांध्यांना आतून सिलिकॉन, स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी, आणि कप्प्यात उशीतला फायबर कापूस सैलसर भरा.

भोकाचं माप इंटरनेटवरून उचलू नका. साडेसहा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन स्पीकरची भोकं सारखी नसतात. आमचे सुतार मेस्त्री तर ऐकूनच घेत नाहीत. "मेस्त्री, एवढं भोक पाडून ठेवा, मी संध्याकाळी येतो," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तू आधी स्पीकर घेऊन ये बाबा, कागदावरच्या मापाला मी करवत लावत नाही."

ॲम्प्लिफायरचं गणित सोपं आहे. बारा व्होल्टचा वर्ग १४४, त्याला चार ओहमच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागा: १८ वॅट. बारा व्होल्टवर एका चॅनेलमधून स्वच्छ आवाज याच्या वर मिळत नाही, प्रत्यक्षात थोडा कमीच. अंगणाला तेवढा पुरतो. टीपीए३११६ चिपचं बोर्ड चांगलं चालतं. पण अशा बोर्डांत दोन्ही स्पीकरचे मायनस एकमेकांना किंवा ग्राउंडला जोडायचे नसतात. गाडीतल्या जुन्या सवयीने कोणी ते बॉडीला टेकवतं आणि चिप जाते. ब्लूटूथ बोर्ड त्याच बॅटरीवर चालवल्यावर किणकिण ऐकू आली तर त्याला आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूलमधून, म्हणजे दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणाऱ्या बोर्डमधून वीज द्या.

बॅटरी यूपीएसची, बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची घ्या. जड आहे, पण नवख्याच्या चुका पोटात घालते. जुन्या लॅपटॉपचे लिथियम सेल काढून पॅक बनवायचा मोह टाळा. कोणतीही बॅटरी असो, प्लसच्या वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, पाच अँपिअरचा फ्यूज हवाच.

तयार झाल्यावर मी घुमट आरतीचं, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरतीचं रेकॉर्डिंग लावतो. घुमटाचा 'घुम्' नुसता धप्प आला तर कुठेतरी हवा गळते आहे: पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवत एखादं बासप्रधान गाणं लावा, धूर जिथे थरथरतो तिथे फट. कासाळ्यांची (झांजांची) किणकिण बोथट वाटली तर ट्वीटर तपासा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत शेजाऱ्यांचीही परीक्षा होते, तेव्हा रात्री दहानंतर खोका घरात घ्या, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत.

असा खोका घेऊन काम मागायला आलात तर मी वाजवायला सांगत नाही, मागची फळी उघडायला सांगतो. फ्यूज कुठे आहे, वायरी पट्टीने बांधल्या आहेत की लोंबतात, सोल्डर चकाकतं की दाणेदार आहे, स्पीकरच्या पत्त्यांवर क्लिप आहे की नुसती गुंडाळलेली तार, एवढंच बघतो. पगाराचं बोलणं त्यानंतर. आणि आधीच सांगून ठेवतो, सुरुवातीचे काही महिने दारांची पॅनेलं काढण्यात आणि लावण्यातच जातात, स्टिरिओच्या वायरिंगला हात पुढे कधीतरी लागतो.