सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) आहे आणि बिडी सुटत नाही? अशी सोडा

माझे वडील सकाळी खाटेच्या कडेला बसून आधी बिडी पेटवायचे, मग पंप ओढायचे. "बिडीशिवाय कफ सुटत नाही," असं त्यांचं ठाम मत. खरं तर कफ वर ढकलणारे श्वासनलिकेतले बारीक केस धुरानेच लुळे पडतात. बिडी सोडली की ते पुन्हा कामाला लागतात, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो. इथेच माणूस घाबरून परत पेटवतो. ताप आला, कफ हिरवा-पिवळा झाला किंवा दम वाढला तर मात्र दवाखाना गाठा.

आधी दोन आठवड्यांच्या आतली तारीख ठरवा आणि ती डॉक्टरांना सांगा. डेरिफायलिन किंवा थिओफायलिन या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची दुसरी गोळी चालू असेल तर हे सांगायलाच हवं. धुरामुळे हे औषध शरीरात लवकर संपतं. धूर थांबला की तेवढ्याच गोळीने त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं ही त्याची खूण. गोळीचा डोस डॉक्टरच बदलतील, आपण नाही.

आदल्या रात्री बंडल, काडेपेटी, लायटर घराबाहेर काढा. उशीखालचीही.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करून फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडा. याने दमही आटोक्यात येतो. निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. ते सुपारीसारखं चघळत राहू नका: झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, ओसरल्या की पुन्हा चावा, असं अर्धा तास. चहा त्याच्या आधी पंधरा मिनिटं नको आणि ते तोंडात असतानाही नको. बिडीशिवाय पोट साफ होत नसेल तर सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी. हा त्रासही काही काळाचाच. मिश्री किंवा तंबाखूवर मात्र वळू नका, ही फार जुनी फसगत आहे.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत काडीसुद्धा कुणी ओढायची नाही. आग भडकते.

धीर सुटला तर 1800-11-2356 या मोफत सरकारी क्रमांकावर समुपदेशक बोलतात. आणि एखादी ओढली गेलीच, तर उरलेलं बंडल तेव्हाच पाण्यात बुडवा. ठरवलेली तारीख तशीच धरून चला.