वीर्य कमी आलं? आधी डबीची चौकशी करा

इचलकरंजीत एका लॅबमध्ये मी अठ्ठावीस वर्षं टेक्निशियन आहे. शुगर तपासायला आलेला माणूस काउंटरवर घरच्यासारखा बोलतो. सिमेन टेस्टला, म्हणजे वीर्य तपासायला आलेला मात्र चिठ्ठी चौघडी घालून देतो आणि स्वतःचं नाव इतक्या हळू सांगतो की मला दोनदा विचारावं लागतं. मध्यंतरी असाच एक लूमवाला रिपोर्ट घेऊन परत आला. व्हॉल्यूमच्या, म्हणजे वीर्य किती आलं त्या रकान्यावर बोट ठेवलेलं, ०.८ मिली. "एवढंच? म्हणजे मूल नाही ना होणार?"

मी त्याला आत नेलं आणि एकच विचारलं, "सगळं डबीतच पडलं होतं का?" तो फरशीकडे बघायला लागला. सुरुवातीचं बाहेर गेलं होतं. लाजेनं सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा केलं तर २.१ मिली.

माझ्याकडे व्हॉल्यूम कमी आलेल्यांत अशी चूक निघणारे बरेच असतात. म्हणून औषधाच्या आधी नमुना नीट द्यायला शिका. शेवटचा संबंध किंवा हस्तमैथुन होऊन किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस झालेले असावेत. काल रात्री झालं असेल तर आज कमीच येणार, आणि महिनाभर साठवून आणलं म्हणून रिपोर्ट भारी येत नाही. लघवी करून हात आणि लिंग धुवा, कोरडं करा. साबणाचा फेस, तेल, थुंकी काहीही वापरायचं नाही, त्यानं शुक्राणू मरतात. मेडिकलमधला साधा निरोधही चालत नाही. डबी लॅबनं दिलेलीच घ्या, चटणीची धुतलेली बाटली नको (हसू नका, आलेली आहे). आणि पहिला थेंब डबीतच पडला पाहिजे, कारण सुरुवातीच्या भागातच शुक्राणू सगळ्यात जास्त असतात. सांडलं तर तसं सांगा. आम्ही रिपोर्टवर लिहितो, कुणी ओरडत नाही.

लॅबच्या संडासात जमत नसेल तर घरून आणा, पण अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचलं पाहिजे. डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवायची. एकानं मे महिन्यात गाडीच्या डिकीतून आणली होती. त्याला सरळ परत पाठवला.

आता आकड्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली खालची सीमा १.५ मिली धरली होती, २०२१ मध्ये ती १.४ झाली. पाच मिलीच्या औषधी चमच्याचा पाव भाग, त्याहून किंचित जास्त. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशाच पुरुषांचे नमुने मोजून ही सीमा काढली आहे आणि त्यांतलेही शंभरात पाच जण तिच्या खालीच होते. म्हणजे १.२ आलं की संपलं, असं नसतं.

वीर्याचं पाणी आणि शुक्राणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. पाण्यातला मोठा वाटा, दोन तृतीयांशाच्या आसपास, शुक्राशय नावाच्या पिशव्यांतून येतो. उरलेलं बरंचसं प्रोस्टेटचं, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं. वृषणांकडून येणारा भाग शंभरात पाचाच्या आतबाहेर. म्हणून तर नसबंदी केलेल्या माणसाला काही फरक जाणवत नाही. डबी भरभरून आणि काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, शून्य, असे रिपोर्ट मी स्वतः लिहिलेत.

नीट दिलेला नमुना दोनदा कमी आला, तर मात्र डॉक्टरकडे जायचं. युरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या मार्गाचा डॉक्टर बघा. जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा सिलोडोसिन चालू असेल, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल किंवा शुगर खूप वर्षांची असेल, तर वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. सुख होतं, पण बाहेर थेंब-दोन थेंब, आणि नंतरची लघवी गढूळ. यासाठी ती नंतरची लघवीच तपासायची असते, तिच्यात शुक्राणू दिसले की उलगडा झाला. साधी, स्वस्त तपासणी आहे. गोळी कारण असेल तर ती बदलता येते, पण मनानं बंद करू नका. लघवी तुंबली तर नवं दुखणं.

दुसरा प्रकार जड आहे. व्हॉल्यूम कमी, वीर्य आम्लधर्मी, फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) नाही आणि शुक्राणू शून्य. मग वाट कुठंतरी बंद आहे किंवा शुक्राणू वाहून आणणारी नळी, शुक्रवाहिनी, जन्मतःच नाही. आपल्याकडे जुना टीबीही वाट बंद करतो. सोनोग्राफीत कळतं. यातही बऱ्याच जणांच्या वृषणात शुक्राणू तयार होत असतात, ते सुईनं काढून टेस्टट्यूबच्या मार्गानं मूल होऊ शकतं. वाहिनी जन्मतःच नसेल तर त्याआधी नवराबायको दोघांची सीएफटीआर या जनुकाची तपासणी करून घ्यावी, कारण त्यातला दोष मुलात उतरू शकतो.

जिममधल्या पोरांना एवढंच सांगतो, की टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन बाहेरून घेतलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. दंड फुगतात आणि काउंट शून्यावर येतो. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण महिने जातात आणि सगळ्यांचाच येतो असं नाही. घेत असाल तर डॉक्टरला खरं सांगा.

भिंतीवरच्या जाहिरातीतल्या पुड्यांबद्दल माझं मत विचाराल तर, पैसे सांभाळा. एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त, हे मी आजोबांकडूनही ऐकलंय. रोज रक्त आणि वीर्य दोन्ही हाताळतो, असलं गणित कुठं दिसलं नाही. तंबाखू, दारू सोडा, वजन उतरवा. हुपरीत चांदीच्या भट्टीपुढं बसणाऱ्यांनी मधूनमधून उठावं, उष्णतेनं पाणी नाही पण काउंट घटतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून सवय बदलल्यावर पुढची तपासणी तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांनी येऊन "फरक नाही" म्हणू नका.

वीर्यात रक्त, वृषणात गाठ किंवा दुखणं असेल तर मात्र तीन महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवा, आणि वृषण अचानक जोरात दुखायला लागलं तर लगेच दवाखाना गाठा. आणि मूल होत नाही म्हणून बायकोला दवाखाने फिरवण्याच्या आधी तुमची डबी येऊ द्या. आमच्याकडे ती सकाळी घेतात, उपाशीपोटी यायची गरज नाही.